भिडेचे दान

'भीड भिकेची बहीण' अशी म्हण आपल्या वाडवडिलांनी घडवून ठेवली आहे. भिडेपोटी ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या हाती अखेर झोळी येते, असा तिचा सरळ अर्थ. ही म्हण देणाऱ्याला सावध करते. मागणाऱ्याला सावध करणारी म्हण मात्र आम्हांला आठवत नाही. ज्याच्यापुढे समोरच्याला 'नाही' म्हणता येत नाही, अशा माणसाने दान मागावे काय? मागितले आणि मिळाले, तर जे मिळाले त्याला दान म्हणावे काय? या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा आमचा मानस आहे.

हा प्रश्न कचेरीत आहे, शाळेत आहे, कारखान्यात आहे आणि आडपडदा न ठेवता सांगायचे तर चर्चच्या आवारातही आहे. परंतु तो सर्वांत स्वच्छ दिसतो तो लष्करात. कोण वरचा आणि कोण खालचा हे तेथे माणसाच्या अंगावरच्या पोशाखावरच लिहिलेले असते. म्हणून आम्ही लष्करापासून आरंभ करतो. आणि या बाबतीत ज्या देशाने साठाहून अधिक वर्षांपूर्वी लेखी विचार सुरू केला, त्या अमेरिकेच्या लष्करापासून करतो.

अमेरिकेत सरकारी नोकरांकडे कामाच्या जागी देणग्या मागण्याची प्रथा जुनी आहे. १९५० च्या दशकात तिला धरबंध उरला नव्हता. एकामागून एक संस्था कचेऱ्यांची दारे ठोठावीत. खात्यांना, इतकेच नव्हे तर व्यक्तींनाही, रकमांचे इष्टांक ठरवून दिले जात. आणि ते पुरे व्हावेत म्हणून वरिष्ठ मंडळी हाताखालच्यांवर दडपण आणीत. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या आदेशाने या कारभाराला वळण लावण्याचे काम सुरू झाले. १९६४ साली काही शहरांत सर्व संस्थांची मिळून एकच मोहीम घेण्याचा प्रयोग झाला आणि त्यातून 'कम्बाइन्ड फेडरल कॅम्पेन' ही वार्षिक मोहीम उभी राहिली. मुलकी नोकर, टपाल कर्मचारी आणि सैनिक या सर्वांपुढे हजारो सेवाभावी संस्थांची यादी ठेवायची. ज्याने त्याने आपली संस्था निवडायची, रक्कम लिहायची, आणि ती पगारातून हप्त्याहप्त्याने कापून घेऊ द्यायची, अशी तिची रीत. २००९ साली या मोहिमेत २८ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली. याखेरीज लष्कराचे स्वतःचे मदतनिधी आहेत. नौदल व मरीन दलाची मदतसंस्था १९०४ सालची, तर भूदलाची १९४२ सालची. अडचणीत सापडलेल्या सैनिकाला बिनव्याजी कर्ज किंवा अनुदान देणे हे त्यांचे काम, आणि त्यासाठी त्याही सैनिकांपुढेच हात पसरतात. इतक्या पैशांतून किती अश्रू पुसले गेले असतील याचा हिशेब देवाजवळ आहे. तेव्हा या मोहिमांची कुचेष्टा करणे हा आमचा हेतू नाही.

परंतु क्षणभर त्या अर्जाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहू या. एकोणीस वर्षांचा एक पोरगा नुकताच भरती झाला आहे. बराकीत राहतो. त्याची रजा, त्याचा सुटीचा परवाना, रविवारी कोणी पहाऱ्यावर जायचे, कोणाच्या बढतीची शिफारस करायची, हे सारे त्याच्या सार्जंटच्या हाती आहे. एके दिवशी सकाळच्या हजेरीनंतर सार्जंट सांगतो, "देणगीचे अर्ज आले आहेत. सक्ती नाही. पण आपल्या तुकडीत तिघेच राहिलेत, आणि कॅप्टनसाहेबांना सगळे अर्ज आजच हवे आहेत." पोरगा अर्ज हाती घेतो आणि दरमहा पाच डॉलर असा आकडा घालतो.

या प्रसंगात खोटे कोण बोलले? कोणीच नाही. सक्ती कोणी केली? कोणीच नाही. सर्वांत वरच्या अधिकाऱ्याने फक्त एक सदिच्छा व्यक्त केली होती. खालच्याने ती सदिच्छा टक्केवारीत मांडली. त्याच्या खालच्याने टक्केवारीवरून यादी केली. यादी हाती आल्यावर सार्जंटने उरलेल्या तिघांची नावे पाहिली. वरून निघालेली इच्छा खाली पोचेपर्यंत हुकूम झाली. आणि वाटेत तिचा हुकूम नेमका कोणी केला, हे मात्र कोणालाही सांगता येणार नाही. अधिकाराच्या उतरंडीत पाप असे वाटून घेतले जाते, की कोणाच्याच वाट्याला पुरते येऊ नये.

हे चित्र आम्ही कल्पनेने रंगविले असले तरी ते निराधार नाही. त्या मोहिमेच्या सरकारी नियमावलीत जबरदस्ती टाळण्याविषयी एक स्वतंत्र कलम आहे. वरिष्ठाने आपल्या थेट हाताखालच्या माणसाकडे देणगी मागू नये. त्याने दिली की नाही, किती दिली, याची चौकशी करू नये. शंभर टक्के सहभागाचे ध्येय ठेवू नये. व्यक्तिव्यक्तीला रकमांचे इष्टांक ठरवून देऊ नयेत. न देणाऱ्यांच्या याद्या करू नयेत आणि वापरू नयेत. एखाद्या अधिकाऱ्याच्या कामाचे मूल्यमापन त्याच्या विभागातून किती देणगी जमली यावरून करू नये. कायदा वाचण्याची सवय असलेल्या वाचकांना ठाऊक असेल, की ज्या गोष्टीला इतके बारकाईने नाव घेऊन बंदी घालावी लागते, ती गोष्ट कोठेतरी घडत असते. तेथील सरकारी आचारसंहितेत आणखी एक तरतूद आहे. हाताखालच्या नोकराने वरिष्ठाला, किरकोळ अपवाद सोडल्यास, भेटवस्तू देऊ नये. का देऊ नये? वरच्याला दिलेली भेट खरोखर मनापासूनची आहे याची खात्री कोणालाच देता येत नाही म्हणून. मग तोच वरिष्ठ स्वतःसाठी न मागता परोपकारासाठी मागू लागला, म्हणजे ती खात्री एकाएकी कोठून येते?

नियम चांगले आहेत. परंतु नियमाचा हात यादीपर्यंत पोचतो. भिडेपर्यंत पोचत नाही. सार्जंटने काही न बोलता अर्ज नुसता पुढे केला तरी पोराच्या मनात जे व्हायचे ते होतेच.

येथे सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना भेटलेले एक जुने उदाहरण आम्हांला आठवते. ते ॲरिस्टॉटलचे आहे आणि पुढे संत थॉमस अक्वायनस यांनीही त्याचा ऊहापोह केला आहे. वादळात सापडलेल्या गलबताचा तांडेल माल समुद्रात फेकून देतो. हे तो स्वेच्छेने करतो की नाइलाजाने? थॉमस यांचे उत्तर बारकाव्याचे आहे. भयापोटी केलेली कृती त्या घटकेला, त्या परिस्थितीत, माणसाच्या इच्छेचीच असते. मात्र वादळ बाजूला ठेवून पाहिले, तर ती त्याच्या इच्छेविरुद्ध असते. तेव्हा "त्या शिपायाने स्वखुशीने सही केली" असे अधिकारी म्हणेल, तर थॉमस त्याला साफ खोटे पाडणार नाहीत. परंतु ते पुढे विचारतील, की त्याच्या इच्छेचा विषय कोणता होता? तांडेलाला माल फेकायचा नव्हता. त्याला गलबत वाचवायचे होते. शिपायालाही अनाथांना मदत करायची नव्हती, किंवा असली तरी त्या क्षणी तिचा विचार त्याच्या मनात नव्हता. त्याला सार्जंटच्या नजरेतून उतरायचे नव्हते. पाच डॉलर देऊन त्याने निर्वेध रविवार विकत घेतला. सही खरी, पैसे खरे, पण झाला तो सौदा झाला. दान झालेच नाही.

ख्रिस्तसभेच्या कायद्याने या भिडेला फार पूर्वी ओळखले आहे. विवाहाच्या संमतीचा विचार करताना आमचे कायदेपंडित 'आदरयुक्त भय' असा एक निराळा प्रकार मानतात. बाप मारीत नाही, धमकी देत नाही. पण बापाचे मन मोडेल, त्याचा दीर्घ रोष ओढवेल या धास्तीने मुलगी होकार देते. अशी धास्ती गंभीर असेल तर त्या होकाराची कसून तपासणी होते, आणि प्रसंगी तो विवाह मुळात झालाच नव्हता असा निर्णय होतो. १९८३ च्या धर्मसंहितेत तर असेही म्हटले आहे, की गंभीर व अन्याय्य भयापोटी केलेले व्रत आपोआप निरर्थक ठरते. वाचकांनी येथे थोडे थांबावे. व्रत हे प्रत्यक्ष परमेश्वराला दिलेले वचन. भयाने दिलेले वचन परमेश्वरासाठीसुद्धा घ्यायचे नाही, असे ख्रिस्तसभा म्हणते. मग दयाधर्माच्या पेटीसाठी ते घ्यायला आपण इतके अधीर का असावे?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. उपाशी लेकराच्या ताटात पडलेली भाकर कोणत्या मनाने दिली गेली, याने त्या लेकराला काय फरक पडतो? मागायचेच नाही असे ठरविले तर कोणी देणार नाही. शिवाय देण्याची सवय ही लावावीच लागते. आपणच नाही का लहान मुलाच्या मुठीत नाणे ठेवून ते मिस्सेच्या वेळी पेटीत टाकायला लावीत? आणि ज्या संत पौलाचा हवाला दान खुशीने द्यावे म्हणून आपण देतो, त्याने तरी काय केले? जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमविताना त्याने करिंथकरांना मासेदोनियाच्या लोकांचे औदार्य ऐकविले आणि मासेदोनियाच्या लोकांना करिंथच्या तयारीची बढाई सांगितली. ऐन वेळी कोणाची फजिती होऊ नये म्हणून माणसेही आगाऊ पाठविली. ही चढाओढ नव्हे तर काय?

आम्ही हे मान्य करतो. पौल हा माणूस होता, आणि निधी जमविणाऱ्या माणसाचे सारे गुणदोष त्याच्या त्या दोन अध्यायांत दिसतात. परंतु त्याच अध्यायांत तो दोनदा स्वतःला आवर घालतो. हा हुकूम नाही, असे तो स्पष्ट सांगतो. आणि ज्याने त्याने आपल्या अंतःकरणात ठरविले तितकेच द्यावे, नाखुशीने वा भाग पडले म्हणून देऊ नये, असेही बजावतो. फिलेमोनाला लिहिलेल्या चिमुकल्या पत्रात तर ही ओढाताण अधिकच उघड आहे. आज्ञा करण्याचा अधिकार मला आहे, पण तो मी वापरणार नाही, तुझे सत्कृत्य तुझ्या खुशीचे असू दे, असा त्याचा सूर आहे. आणि थोड्याच ओळींनंतर तू माझा किती ऋणी आहेस हे त्याला आठवण करून देण्याचा मोहही त्याला आवरत नाही. अधिकार असलेल्या माणसाने मागणे किती निसरडे असते, हे पौलासारख्याच्या पत्रात दिसते. फरक इतकाच, की पौलाच्या हाती करिंथकरांची रजा नव्हती, त्यांचा पगार नव्हता, रविवारचा पहारा नव्हता. लहान मुलाच्या मुठीतले नाणे बापाचे असते. बाप मुलाला देणे शिकवितो ते स्वतःच्या खिशातून. सार्जंट शिकवितो ते पोराच्या खिशातून. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच हा प्रकार. आणि तो खिसा तरी कितीसा भरलेला असतो? तेथील जनगणना विभागाच्या माहितीनुसार २०१३ साली सेवेत असलेल्या सुमारे २३ हजार सैनिकांनी सरकारी अन्नसाहाय्य घेतले होते. मदतनिधीसाठी ज्याच्यापुढे अर्ज धरला जातो, त्यालाच उद्या त्या निधीच्या दारी जावे लागणार नाही, असे कोणी सांगावे?

राहिला प्रश्न उपाशी लेकराचा. गरज इतकी निकडीची असेल की प्रत्येकाने दिलेच पाहिजे, तर राज्यकर्त्यांनी कर बसवावा. कर ही प्रामाणिक सक्ती आहे. ती सर्वांवर नियमाने बसते, ऐपतीप्रमाणे बसते, तिच्याविरुद्ध दाद मागता येते आणि ती भरणाऱ्याला कोणी 'आनंदाने भरलेस ना?' असे विचारीत नाही. सक्ती हवी असेल तर सक्ती करा. दान हवे असेल तर दान मागा. सक्तीला दानाचा झगा घालून मिरवू नका, एवढेच आमचे म्हणणे.

ही केवळ परदेशातील गोष्ट आहे, असेही नाही. ऑगस्ट २०१८ मधील महापुरानंतर केरळ सरकारने आपल्या नोकरांना एक महिन्याचा पगार पुनर्वसनासाठी देण्याचे आवाहन केले. आपत्ती खरी होती, हेतू चांगला होता. परंतु ज्यांना द्यायचे नसेल त्यांनी तसे लेखी कळवावे, अशी अट घालण्यात आली. म्हणजे देणाऱ्याने गप्प बसायचे आणि न देणाऱ्याने आपल्या वरिष्ठाच्या हाती नकाराचा कागद द्यायचा. केरळच्या उच्च न्यायालयाने या अटीला स्थगिती दिली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हात घालण्यास नकार दिला. आपल्या महाराष्ट्रातही ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वज दिनाचे उदाहरण आहे. १९४९ पासून पाळला जाणारा हा दिवस माजी सैनिकांच्या व वीरपत्नींच्या कल्याणासाठी आहे. समाजाने सैनिकाचे ऋण स्मरून द्यावे, अशी त्यामागची सुंदर कल्पना. पण तेथेही जिल्ह्याजिल्ह्यांना निधीचा इष्टांक येतो. इष्टांक म्हटला की तो वरून खाली कसा झिरपत जातो, हे आपण वर पाहिलेच आहे.

आता या साऱ्यात त्या पोराचे नेमके काय गेले, हे पाहू. पाच डॉलर गेले, ते फारसे नव्हेत. आमच्या मते त्याचे गेले ते याहून मोलाचे आहे. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी ती विधवा आठवा. प्रभू येशूने तिची वाखाणणी केली. तिच्याजवळ दुसरे काही नव्हते. पण 'दिले' असे म्हणण्याजोगे एक कृत्य तिचे स्वतःचे होते. तिच्या पाठीशी यादी घेऊन कोणी उभे राहिले नव्हते. खालच्या पायरीवरच्या माणसाचे बाकी सारे दुसऱ्याच्या हातात असते: त्याचा वेळ, त्याचे काम, त्याची जागा. त्याचे औदार्य मात्र त्याचे असते. ते मागून घेतले, की ते उरत नाही. तो पोरगा कदाचित पुढच्या महिन्यात आपल्या मनाने पंधरा डॉलर एखाद्या अंध शाळेला पाठविता. आता तो म्हणेल, माझे देऊन झाले आहे. आणि दान या शब्दाशी त्याच्या मनात कायमची जोडली जाईल ती सार्जंटच्या हातातली यादी.

येथवर दुसऱ्यांचे दोष सांगितले. परंतु ज्याच्या हाती वेदी आहे त्याच्या हातीही अधिकार आहे, आणि तो आम्ही कसा वापरला हे सांगितल्याविना हा लेख प्रामाणिक होणार नाही. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना चर्चच्या छपराच्या दुरुस्तीसाठी आम्ही निधी जमवीत होतो. छप्पर गळत होते आणि पावसाळा तोंडावर आला होता. उत्साह वाढावा म्हणून दर रविवारी मिस्सेनंतर आम्ही देणगीदारांची नावे आणि रकमा वाचून दाखवू लागलो. न देणाऱ्यांची नावे आम्ही अर्थातच वाचली नाहीत. ती वाचण्याची गरजच नव्हती. लहानशा गावात न वाचलेली नावेच अधिक मोठ्याने ऐकू येतात. दोन महिन्यांत निधी चांगला वाढला. त्याच सुमारास आमच्या लक्षात आले, की शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा एक रिक्षाचालक हल्ली मिस्सेला दिसत नाही. आजारी असेल म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. तो धडधाकट होता. शेजारच्या धर्मग्रामात पहाटेच्या मिस्सेला जात होता. कारण विचारले तेव्हा त्याने खाली पाहत सांगितले, "फादर, रक्कम जमली की येईन."

त्या वाक्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले. आम्ही त्याच्याकडे एक पैसाही मागितला नव्हता. त्याचे नावही घेतले नव्हते. आणि तरीही परमेश्वराच्या घराच्या दाराशी आम्ही एक जकातनाके उभे केले होते. तो सार्जंट आणि आम्ही यांत फरक होता तो पोशाखाचा.

पुढच्या रविवारी आम्ही नावे वाचणे बंद केले आणि तसे का करीत आहोत हे वेदीवरून सांगितले. त्यानंतर आणखी एक गोष्ट ठरविली. बाप्तिस्म्याचा दाखला किंवा लग्नाची कागदपत्रे मागायला कोणी आले, की त्या भेटीत निधीचा विषय काढायचा नाही. ज्या टेबलावरून आपण एखाद्याला हवी असलेली वस्तू देतो, त्या टेबलावरून आपल्याला हवी असलेली वस्तू मागू नये. आम्हांला वाटते, हा नियम सार्जंटलाही लागू पडतो, मुख्याध्यापकालाही आणि साहेबालाही. गरज सर्वांना सांगावी, मोकळेपणाने सांगावी. पण अर्ज ज्याच्या त्याच्या हाती देऊन आपण दूर व्हावे, आणि कोणी काय लिहिले ते कळण्याचा मार्ग आपणच बंद करावा. शक्य असेल तर मागणारा हा त्याच पायरीवरचा असावा. शिपायाने शिपायाला सांगावे, म्हणजे 'नाही' म्हणणे त्याला जड जाणार नाही.

यामुळे निधी कमी जमतो, हे आम्ही लपविणार नाही. आमचाही कमी जमला. त्या वर्षी छपराचे काम अर्धेच झाले आणि उरलेल्या भागावर ताडपत्री घालावी लागली. जुलैतल्या एका रविवारी मिस्सा चालू असताना ताडपत्रीच्या कडेने पाणी थेट मधल्या वाटेत पडू लागले, तेव्हा मागच्या बाकांवरील दोघेतिघे उठून बादल्या घेऊन आले. त्यांत तो रिक्षाचालक होता. त्याने छपरासाठी काही दिले की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही.